जुन्या बोटीच्या छताचं रेक्झिन रंगवायचंय? आधी डबा खाली ठेव

निपाणीच्या एका पोरानं विचारलंय ते थोडक्यात सांगतो. त्यानं आणि त्याच्या वेंगुर्ल्याच्या मामानं मिळून गोव्यात एक जुनी फायबरची बोट घेतलीय, २६ फुटी, आत छोटी केबिन. केबिनच्या छताला पांढरं रेक्झिन होतं ते आता पिवळं पडलंय, वर काळे ठिपके आलेत, एका कोपऱ्यात लोंबालंय पण. घराच्या गेटला मारून उरलेला ऑईलपेंटचा डबा पडून आहे, तर तोच मारून गणपतीच्या सुट्टीत दोघंजण दोन दिवसात काम उरकून टाकू का, आणि रंग किती लागंल, असं विचारालाय. मला काका म्हणालास म्हणून मी पण सरळ अरे-तुरेवर येतो, राग मानू नकोस.

ऑईलपेंट नको. आणि गणपतीत तर अजिबात नको. का नको ते सांगतो, जरा लांबण लागंल.

माझं बेळगावच्या शहापुरात कुशनचं काम, तीस वर्षं होत आली. सुरुवात उद्यमबागेत बसच्या बॉडीला सीटं बसवण्यापासून, मग ट्रॅक्स, ओम्नी, अँबॅसिडर, जे येईल ते. बोटींकडं कसा गेलो तर चोर्ला घाटातनं आपली भाजीची गाडी रोज गोव्याला जाते की, तसंच एका गिऱ्हाइकाच्या ओळखीनं एकदा गेलो आणि मग दरवर्षी जायला लागलो. बोटीतलं काम म्हणजे वेगळं काही नाही असं मला पहिल्यांदा वाटलं होतं. रेक्झिन ते रेक्झिन, छत ते छत. तिथंच फसलो.

पहिल्याच बोटीत मालक म्हणाला नवीन रेक्झिन नको, खर्च लई होतो, रंग मारून दे. मी पण म्हटलं त्यात काय. चांगल्या कंपनीचा पांढरा ऑईलपेंट आणला, दोन हात मारले, संध्याकाळी असं चकचकीत दिसालतं की मालकानं वर शंभराची नोट बक्षीस दिली. आठ दिवसांनी फोन. रंग अजून ओला आहे. मी म्हटलं हवा दमट आहे, अजून चार दिवस जाऊ दे. महिन्यानं परत फोन, अजून चिकटच. गेलो बघायला तर काय सांगू, छताला डास, पाखरं, माश्या, सगळं संग्रहालय चिकटून बसलेलं, आणि मालक उंच माणूस, त्याच्या डोक्याला जिथं जिथं छत लागलंय तिथं तिथं केस. हाताचं बोट घासलं तर रंग शेवेसारखा वळून वर येतोय. तो सगळा खरवडायला मला चार दिवस लागले, पैसे अर्थातच मागितले नाहीत, शंभराची नोट पण परत द्यायला काढली तर त्यानं घेतली नाही, तेवढा भला माणूस.

रंग वाईट नव्हता. रेक्झिनचा स्वभावच तसा. रेक्झिनच्या वरचा थर म्हणजे पीव्हीसी, आपल्या बोअरच्या पाईपचं जे प्लास्टिक तेच, फक्त पाईप कडक असतोय आणि रेक्झिन मऊ. मऊ कशानं होतंय तर त्यात एक तेलासारखं द्रव्य मिसळलेलं असतंय, वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा, कधी कधी त्याच्याही वर. हे तेल पीव्हीसीत मुरलेलं असतंय पण बांधलेलं नसतंय, वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर सुटत राहतंय. तुला खोटं वाटत असंल तर माळ्यावरचं जुनं गणपतीचं मखर काढून बघ. थर्माकोलवरनं लायटिंगची वायर फिरवून तशीच गुंडाळून ठेवलेली असती ना, वर्षानं बघितलं तर वायरीखाली थर्माकोलला खाच पडलेली असती, कुणी तापलेल्या तारेनं ओढल्यासारखी. वायर काही तापलेली नसती, वायरीच्या पीव्हीसीतलं तेल बाहेर येऊन थर्माकोल विरघळवतंय. तेच तेल तुझ्या बोटीच्या छतातनं खाली येऊन ऑईलपेंटात शिरणार आणि त्याला कधी वाळूच देणार नाही. वरनं वाळला असं वाटंल, खाली लोण्यासारखा राहणार.

म्हणून पाण्यात कालवायचा अॅक्रेलिकचा रंग लागतोय, त्याला हे तेल तेवढं खात नाही. किंवा रेक्झिन-चामड्यासाठी मुद्दाम बनवलेला स्प्रे. त्याच्यावर येतो नंतर, कारण रंगाचं काम सगळ्यात शेवटी आणि खरं सांगायचं तर सगळ्यात सोपं.

आधी छताला हात लाव. म्हणजे खरंच तळहात पूर्ण टेकव आणि हलकं दाबून एक इंच पुढं-मागं सरकव. जुन्या बोटीत बऱ्याच वेळा फायबरच्या आतल्या खडबडीत अंगावर थेट पातळ फोमवालं रेक्झिन चिकटवलेलं असतंय. तो फोम वीस-तीस वर्षांत दमट हवेनं मरतोय. मरतोय म्हणजे भुकटी होती, कॉफी पावडरीसारखी, हातात घेतलं तर बोटं पिवळी-तपकिरी. तळहाताखाली रेक्झिन सरकलं, किंवा आत वाळू सरकल्यासारखी खर्रखर्र आली तर समजायचं फोम गेला. दिव्याची एक पट्टी खोलून भोकातनं बघितलंस तर लगेच कळतंय, खाली पावडर पडतीच. तसं असंल तर रंग मारू नको, म्हणजे रंग चांगला बसंल पण सहा महिन्यांत रंगासकट सगळं छत तुझ्या ताटात येऊन पडंल. तू म्हणालास एक कोपरा लोंबालंय, माझा अंदाज तिथं हेच झालंय. प्रश्न एवढाच की तिथंच झालंय का सगळीकडं. तळहात टेकवत टेकवत सगळं छत फिर, जिथं सरकतंय तिथं खडूनं खूण कर. फक्त एक कोपरा असंल तर तेवढा पट्टा बदलता येतोय. निम्म्याच्या वर खुणा झाल्या तर रंगाचा विषय बंद, पुढं सांगतो काय करायचं ते.

दुसरी गोष्ट म्हणजे पाण्याचे डाग. तपकिरी कडेचा नकाशा काढल्यासारखा डाग असतोय ना तो. तो रेक्झिनचा नाही, डेकचा रोग आहे. वरती डेकवर जे काही बोल्टनं बसवलंय, रेलिंग म्हण, दोर बांधायचे खुंटे म्हण, त्या प्रत्येक बोल्टाखाली सील असतंय, जुनं झालं की तिथनं पाणी मुरतंय, आणि पाणी लबाड असतंय, शिरतंय एकीकडं आणि दिसतंय चार फूट लांब. आपल्या कौलारू घरात बघितलंच असशील, गळतंय चुलीवर आणि कौल फुटलंय न्हाणीच्या बाजूला. तर एकानं आत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्यानं वरनं पाईपनं पाणी सोडायचं, खालनं सुरू करून वर वर जायचं, एका जागी पाच-दहा मिनिटं तरी. वरनं सुरू केलंस तर सगळंच भिजंल आणि काही कळणार नाही. गळका बोल्ट सापडला की काढून, साफ करून, नवं सील लावून मग पुढं. हे न करता रंग मारलास तर पहिल्या पावसात तोच नकाशा परत उमटतोय, आणि गिऱ्हाईक रंगवाल्याला शिव्या घालतंय. मी खाल्ल्यात.

स्टेपलच्या पिना पण बघ. साध्या लोखंडी पिना असतील तर गंजून त्यांच्या भोवती लालसर ठिपका आलेला असतोय. त्या उपटायच्या आणि स्टेनलेसच्या मारायच्या. गंजावर पाण्याचा रंग मारला तर दुसऱ्या दिवशी गंज हसत वर येतोय.

आता धुणं. इथंच सगळं जिंकायचं-हरायचं असतंय, आणि इथंच सगळे घाई करतात. माझ्याकडं गोकाकचा एक मेस्त्री होता, कामाला वाघ, पण त्याचं एक कानडी वाक्य ठरलेलं, पोरांनी रंगाचा डबा उघडायला घेतला की म्हणायचा, स्वल्प तडी री, जरा थांबा की. आम्ही चिडायचो. पण त्यानं केलेलं छत कधी परत आलं नाही.

बोटीच्या छताला नुसती धूळ नसती. डिझेलचा धूर, स्टोव्हची काजळी, सिगरेटचा चिकटा, डोक्याचं तेल, आणि जुन्या मालकांनी कधीकाळी चकाकी यावी म्हणून मारलेलं डॅशबोर्डचं पॉलिश. हे शेवटचं सगळ्यात घातक. त्यात सिलिकॉन असतंय, आणि सिलिकॉनवर रंग टिकतच नाही, माशाच्या डोळ्यासारखी गोल गोल भोकं पडतात रंगात, कितीही हात मारा.

दोन बादल्या घे, एकीत कोमट पाणी आणि भांड्याचा लिक्विड साबण, दुसरीत साधं पाणी. दोन बाय दोन फुटाचा चौकोन मनात धरायचा, साबणाचं फडकं फिरवायचं, रेक्झिनवर चामड्यासारखी जी बारीक नक्षी असती तिच्यात मळ बसलेला असतोय तो जुन्या टूथब्रशनं गोल गोल घासायचा, आणि लगेच साध्या पाण्याच्या फडक्यानं पुसायचा. मग पुढचा चौकोन. फडकं पिळून घे घट्ट, कारण शिलाईच्या भोकातनं पाणी फोमात गेलं तर आठवडाभर वाळत नाही आणि आतनं बुरशी. पहिल्या वेळेला पाणी चहाच्या रंगाचं येणार, घाबरू नको. पाणी बदलत राहा. मी एका छताला अकरा बादल्या पाणी बदललंय आणि ते छत माझ्या दुकानाच्या शटरपेक्षा लहान होतं. चिकट काजळी साबणानं जात नसंल तर वॉशिंग सोडा थोडा टाक पाण्यात, हातमोजे घालून, आणि नंतर दोनदा साध्या पाण्यानं पुसून घे.

घासायला स्वयंपाकघरातली हिरवी घासणी घेऊ नकोस, ती नक्षी खाती. पॉलिश पेपर तर दूरच. गाडीच्या रंगवाल्यांकडं राखाडी घासणी मिळती, बारीक असती, तिनं शेवटी एक हलका हात फिरवला तर चकाकी मरती आणि प्रायमरला, म्हणजे रंगाच्या आधी मारायच्या थराला, पकड मिळती, तेवढं पुरे.

काळे ठिपके म्हणजे बुरशी. तिच्यावर ब्लीचचं पाणी चालतंय, दहा भाग पाण्याला एक भाग ब्लीच, फडक्यानं लाव, दहा मिनिटं ठेव, धुऊन टाक. पण नीट ऐक, ब्लीच आणि अमोनियावालं कुठलंही क्लीनर एकत्र करायचं नाही, ब्लीच आणि व्हिनेगर पण नाही. दोन्हीतनं विषारी वायू निघतोय, आणि तू केबिनमध्ये असशील, मोकळ्या अंगणात नाही. एक वापरायचं, धुवायचं, हवा खेळू द्यायची, मग दुसरं. गुलाबी डाग असले तर ते वेगळंच प्रकरण. रेक्झिनच्या मागच्या बाजूला जंतू वाढतात, त्यांचा गुलाबी रंग त्या मघाच्या तेलात विरघळून पुढच्या बाजूला येतोय. तो वरनं घासून जाणार नाही कारण तो वर नाहीच, आत आहे. ब्लीचनं फिकट होईल आणि परत येईल. त्याला डाग अडवणारा प्रायमर लागतोय, आणि एवढं करूनही काही वेळा रंगातनं डोकावतोय. गुलाबी जास्त असंल तर मी स्वतः रंगाचं काम घेत नाही, सरळ सांगतो रेक्झिन बदला.

धुऊन वाळलं की आयसोप्रोपिल अल्कोहोल, मेडिकलमध्ये किंवा मोबाईल रिपेरवाल्याकडं मिळतंय, त्यानं पुसायचं. पांढरं सुती कापड, एकदा पुसलेली बाजू परत लावायची नाही, घडी उलटायची. कापड पांढरंच राहिलं की झालं. थिनर लावू नको, अॅसिटोन पण नको, सगळ्यांच्या हाताशी तेच असतंय म्हणून सांगतो. थिनरनं मळ जातो खरा पण रेक्झिनमधलं तेल पण ओढून काढतोय, रेक्झिन आधी फुगतंय, सुरकुततंय आणि नंतर पापडासारखं कडक होतंय. सिलिकॉन गेलंय का नाही हे बघायला पाण्याचा एक फवारा मार. पाणी पसरून एकसारखं ओलं झालं तर बरं, थेंब थेंब होऊन गोळा झालं, मोराच्या पिसावर पडल्यासारखं, तर अजून आहे, परत धू. गाडीवाल्यांचं वॅक्स-ग्रीस काढायचं लिक्विड असतंय ते अशा वेळी घ्यावं, पण कोपऱ्यात आधी थोडं लावून बघून.

मग दोन दिवस वाळू दे, फॅन लावून. दोन म्हणजे दोन.

आता गणपतीचं. तुझी सुट्टी येती तेव्हा कोकणात, गोव्यात हवा अशी असती की दोरीवरचा टॉवेल तीन दिवस वाळत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असती तेव्हा बोटी काठावर ओढलेल्या असतात आणि सगळ्यांना वाटतंय आता रिकामा वेळ आहे, रंगवून घेऊ. इंजिनचं काम कर, लाकडाचं कर, रेक्झिनचं नको. हवेतच ८५ टक्क्यांच्या वर दमटपणा असंल तर पाण्याचा रंग वाळणार कसा, त्यातलं पाणी जाणार कुठं? आपल्याकडं खानापूर-जांबोटीच्या बाजूला पावसात भिंतीचा रंग महिनाभर ओला राहतोय, तिथं तर खाली खारं पाणी. दिवाळी झाल्यावर जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी दव सुकल्यावर दहाला सुरू करायचं आणि तीनला थांबायचं, म्हणजे संध्याकाळचा गारवा यायच्या आत वरचा थर धरतोय.

प्रायमर हा पाण्यातलाच घे, गुळगुळीत जागेवर पकड धरणारा, टाईल-काचेवर पण चालतो असं डब्यावर लिहिलेलं असतंय तो. साधा भिंतीचा प्रायमर नको. त्याच्यावर पाण्यातलं अॅक्रेलिक इनॅमल, बाहेरच्या कामाचं, कारण ते जरा लवचिक असतंय आणि ऊन-थंडीत फायबर फुगतं-आकसतं तेव्हा चिरत नाही. कारचा टू-के पेंट, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, कुणी सुचवंल, दिसतो एक नंबर, पण तो कडक असतोय, मऊ रेक्झिनवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा जातात. आणि त्याच्या हार्डनरमध्ये जे आयसोसायनेट असतंय ते बंद केबिनमध्ये फुप्फुसाला लई वाईट, साध्या मास्कनं भागत नाही, बाहेरनं हवा देणारा मास्क लागतोय. तुझं ते काम नाही. खास रेक्झिनचे स्प्रे, अमेरिकेत एसईएम (SEM) नावाच्या कंपनीचा कलर कोट त्यासाठी प्रसिद्ध आहे, आपल्याकडं गाडीच्या रंगाच्या दुकानात लेदर-व्हिनाईल स्प्रे म्हणून दुसरे मिळतात, ते रेक्झिनमध्ये छान मुरतात, थर पण पातळ बसतोय. पण अख्ख्या छताला डबे लई लागतात आणि वास भयंकर. बारीक भोकांचं रेक्झिन असंल, बसमध्ये असतंय तसं, तर मात्र स्प्रेच. रोलरनं ती भोकं बुजतात आणि छत देवीच्या व्रणासारखं दिसतंय.

स्प्रे असू दे नाहीतर थिनरवालं काही पण, बोटीत एक धोका घरात नसतो तो लक्षात ठेव. या वाफा हवेपेक्षा जड असतात, वर जात नाहीत, खाली बसतात, आणि बोटीत खाली म्हणजे तळातला खड्डा जिथं इंजिनचं तेल-पाणी साठतंय. तिथं आधीच पेट्रोलची वाफ असली तर बघायलाच नको. साध्या टेबल फॅनच्या स्विचला, प्लगला ठिणगी उडू शकती, सबमर्सिबल पंप लावताना स्विचला उडती तशी. म्हणून फॅन केबिनच्या आत ठेवायचा नाही, बाहेर ठेवून वरच्या झाकणातनं आत हवा ढकलायची आणि पुढचं झाकण उघडं टाकायचं. बॅटरीची वायर काढून ठेवायची. विडीवाल्या मामाला काठावर बसवायचं. कोळशाच्या काडतुसांचा मास्क घे, कापडाचा नको, कापडी मास्कनं धूळ अडती, वास नाही.

आधी एक कोपरा कर. दिव्याच्या पट्टीमागं किंवा कपाटाच्या आत जिथं कुणाला दिसत नाही तिथं हातभर जागा धू, प्रायमर, रंग, सगळं पूर्ण कर आणि घरी ये. घाटातनं परत यायला जिवावर येतंय मला कळतंय, पण आठ दिवस जाऊ दे. मग परत जाऊन बोटानं दाब, चिकटतंय का? ब्लेडनं हलक्या हातानं चौकटीची नक्षी काढ, लुडोच्या पटासारखी, त्याच्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून लाव आणि खस्सकन ओढ. पट्टीवर रंगाचे तुकडे आले तर धुणं कमी पडलंय किंवा प्रायमर चुकलाय. काही आलं नाही तर सगळं छत करायला घे. या एका आठवड्यानं माझे पुढचे कितीतरी आठवडे वाचलेत.

लावताना चार इंची फोमचा रोलर, कडेला एक इंची मऊ ब्रश. छताला रोलर भरून लावायचा नाही, ट्रेच्या कोरड्या बाजूला तीन-चारदा फिरवून जवळजवळ कोरडा करायचा, कारण वरनं जो थेंब पडतोय तो डोळ्यातच पडतोय, हा निसर्गाचा नियम आहे. चष्मा घाल. प्रायमरचा एक पातळ हात, डब्यावर लिहिलंय त्याच्या दुप्पट वेळ वाळू दे, मग रंगाचे दोन पातळ हात, कधी तिसरा. पातळ म्हणजे पहिल्या हाताला खालचं पिवळं दिसलंच पाहिजे. नाही दिसलं तर तू जाड मारलास. जाड थर नक्षीच्या खोबणीत साठतोय, आणि रेक्झिन रेक्झिनसारखं न दिसता डालडा लावल्यासारखं दिसतंय. एका बाजूनं सुरू करून ओल्या कडेला ओली कड जोडत जायचं, मध्येच चहाला उठलास तर ती रेघ तुला बोट विकंपर्यंत दिसणार.

शिलाईच्या पायपिनवर रंग कमी, धागा रंगानं कडक होऊन तुटतोय. चेन असंल तर चेनला मास्किंग टेप. दिवे, लाकडी पट्ट्या, बिडिंग सगळं खोलून काढ, कडेनं ब्रशनं मारून भागवू नकोस. काढलेले स्क्रू कुठले कुठं ते एका पुठ्ठ्यावर छताचा नकाशा काढून त्यातच टोचून ठेव, मी अजून तसंच करतो.

रंग पांढरा शुभ्र नको. सगळ्यांना शुभ्रच पाहिजे असतोय, मारल्यावर बाकीची केबिन मळकी दिसायला लागती आणि मग कपाटं रंगवा, मग जिना रंगवा, थांबतच नाही. जरासा सायीकडं झुकणारा घे. आणि चकचकीत नको, अर्धवट चमकीचा घे, चकचकीत रंगात प्रत्येक सुरकुती, प्रत्येक जोड ट्यूबलाईटखाली ओरडून सांगतंय मी इथं आहे म्हणून. एकदम मॅट पण नको कारण डोक्याचे डाग धुता येत नाहीत.

किती रंग लागंल विचारलंस. २६ फुटी बोटीची केबिन म्हणजे छत धरून शंभर चौरस फुटाच्या आत-बाहेर असणार, टेपनं मोजून घे. प्रायमर एक लिटर आणि रंग दोन लिटर घेतलंस तर उरंल. उरलेला फेकू नको, छोट्या बरणीत काठोकाठ भरून ठेव, हवा राहिली तर साय धरती. पुढं ओरखडे पडले की उपयोगाला येतोय.

आता तो लोंबणारा कोपरा. सिरिंजनं भोक पाडून आत सोल्यूशन, म्हणजे चिकटवायचा गम, सोडायची आयडिया बरेच जण करतात. फोम मेलेला असंल तर सोल्यूशन भुकटीला चिकटतंय, भुकटी कशालाच चिकटलेली नसती. चार दिवस बरं दिसतंय. त्यापेक्षा तेवढा पट्टा शिलाईपासून शिलाईपर्यंत कापून काढ, मागची भुकटी आणि जुनं सोल्यूशन तारेच्या ब्रशनं खरवड, मास्क घालून कारण ती धूळ घशात बसती, आणि नवं रेक्झिन लाव. सोल्यूशन उष्णता सोसणारं माग, सीट कव्हरवाले छताला वापरतात ते. चपलेचं साधं सोल्यूशन भर उन्हात केबिन तापली की सुटतंय. रेक्झिन आणि फायबर दोन्हीला लावून, हाताचं बोट लावल्यावर चिकटणार नाही इतकं सुकू देऊन मग टेकवायचं, मधनं कडेकडं तळव्यानं हवा काढत. नवा पट्टा आणि जुनं छत एकाच रंगाखाली गेलं की जोड दिसत नाही, रंगवण्याचा हा एक फायदा आहे बघ.

आणि खडूच्या खुणा निम्म्याच्या वर झाल्या तर सगळं रेक्झिन ओढून काढ. एका दुपारचं काम आहे, खरवडणं दोन दिवसांचं. मग मी जे करतो ते असं, फायबरला लाकडी पट्ट्या चिकटवायच्या आणि त्यावर तीन-चार मिलीमीटरच्या मरीन प्लायचे तुकडे, प्रत्येकाला रेक्झिन गुंडाळून मागं स्टेनलेसच्या पिना, आणि स्टेनलेसच्याच स्क्रूनं बसवायचे. दिसायला जुन्यापेक्षा सरस, आणि पुढं डेकचा बोल्ट गळायला लागला तर एक तुकडा खोलून बघता येतोय, सगळं छत फाडावं लागत नाही. प्लायच्या कडांना आणि मागच्या बाजूला इपॉक्सी किंवा वार्निश मारायला विसरू नको, नाहीतर दोन पावसाळ्यात कडा फुगतात. खर्च रंगापेक्षा जास्त आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण मेलेल्या फोमवर रंग मारून आधी तो खर्च आणि नंतर हा, असं दोनदा करणारे मी लई बघितलेत.

रंगवून झाल्यावर लगेच सगळं बंद करून कुलूप लावून येऊ नकोस. चार-पाच दिवस झाकणं थोडी उघडी, वर ताडपत्रीचा आडोसा. हाताला वाळलेला वाटतोय तरी आतनं घट्ट व्हायला दोन-तीन आठवडे जातात, तोवर धुवायचं नाही आणि गाद्या उभ्या करून छताला टेकवायच्या नाहीत, गादीचं रेक्झिन आणि छताचं रेक्झिन एकमेकाला चिकटून बसतात आणि ओढलं की दोन्हींचा रंग जातोय.

गणपतीत जाणारच असशील तर तळहाताची चाचणी आणि पाईपचं पाणी एवढं करून ये. येताना दिव्यामागचा रुपयाएवढा तुकडा कापून घेऊन ये, फोमसकट. बेळगावला आलास तर दाखव, हातात घेतल्यावर सांगतो रंगाचा डबा घ्यायचा का प्लाय.